सूचक मी, अनुमोदक वडील

गावाकडच्या घराची पट्टी मी दर वर्षी न चुकता भरतो आणि पावती दर वर्षी न चुकता वडिलांच्या नावाने येते. वडील जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी पावती बघून गलबलून आलं. दुसऱ्या वर्षी नुसतंच बरं वाटलं. तिसऱ्या वर्षी बायको म्हणाली, "घर आता नावावर करून घ्या. उद्या तुम्हीही गेलात तर मुलांनी कुणाकडे बघायचं?" तिचं बोलणं असं नेहमी पुढचं बघून असतं.

गाव सातारा जिल्ह्यात. नाव सांगत नाही, कारण अजून तिथे जायचं आहे. लोकसंख्या अठराशेच्या आसपास, वॉर्ड तीन, सभासद नऊ आणि वर थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचबाई. ही थेट निवडणूक २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. आमच्या गावाला इतकी नियमित सेवा एसटीनेसुद्धा कधी दिलेली नाही.

त्या डिसेंबरातल्या मतदानाला मी गेलो होतो. राहायला पुण्यात असलो तरी यादीतलं नाव गावातच ठेवलंय. का, ते विचारू नका. दोन्ही पॅनेलांनी गाडी पाठवली होती. एकाने माझ्यासाठी आणि दुसऱ्याने वडिलांसाठी. ड्रायव्हरच्या हातातल्या यादीत वडिलांच्या नावापुढे पेनाने 'पुणे – गाडी पाठवणे' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. "अण्णा न्हाईत का?" त्याने विचारलं. नाहीत म्हटल्यावर "मंग मागनं येत्याल," म्हणाला आणि त्याने दुसऱ्या घराची बेल वाजवली.

तर नोंद बदलायची म्हणजे काय, तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये वडिलांच्या जागी माझं नाव लावायचं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात एक ते तेहेतीस असे नमुने असतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. खुर्चीवरचे, बाकावरचे आणि दारातले धरले तर आकडा वाढतो.

पहिल्या खेपेला ऑफिसला कुलूप होतं आणि भाऊसाहेब तालुक्याला मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला कुलूप नव्हतं, पण भाऊसाहेब मीटिंगलाच होते. तिसऱ्या खेपेला भाऊसाहेब भेटले. ते मूळचे ग्रामसेवक. २०२४ मध्ये सरकारने या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं. मात्र टेबलावरची पाटी जुन्याच मापाची होती. तीत 'ग्रामपंचायत अधि' एवढंच मावलं होतं आणि उरलेला 'कारी' पेंटरने खाली डाव्या कोपऱ्यात बसवला होता.

"मयताचा दाखला?"

दिला.

"हा पुण्याचा हाय."

"वडील पुण्यातच वारले."

"तेच म्हणतोय. पुण्यात वारले. हितं कुठं वारलेत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. महापालिकेच्या हद्दीत वडील मयत होते आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत हयात. वास्तविक तेराव्याला पंचायतीचे नऊच्या नऊ सभासद आमच्याकडे जेवून गेले होते. त्यांचा कोरम पूर्ण भरलेला मी पाहिला तो तेवढा एकदाच.

"नोंद व्हईल की," भाऊसाहेब म्हणाले, "पण मासिक सभेचा ठराव लागंल. आन् मासिक सभा तीन महिनं झाली न्हाई. पाच आन् चार झालंय."

पाच आणि चार म्हणजे काय ते पुणेकराला समजावून सांगावं लागतं. नऊ सभासद, त्यांतले पाच आबांचे आणि चार नानांचे. पाच बसले की चार उठतात. चार बसले तर पाच मुळातच येत नाहीत. आबा आणि नाना हे दोघं सख्खे चुलतभाऊ, दोघंही माझे चुलत चुलते, आणि भांडण कशावरून तर १९८७ साली बांधावर लावलेल्या एका शेवग्यावरून. शेवगा केव्हाच मोडून पडला. बांध आणि पॅनेल मात्र शिल्लक आहेत.

"मंग आसं करू," भाऊसाहेबांनी तोड काढली. "दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ऐनवेळच्या विषयात घालू. तवर तुमच्या आजोबांचं नाव उतरून अण्णांचं कधी लागलं, ते जुन्या प्रोसिडिंगात बघून ठेवा. ठराव नंबर लागंल."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. मी कपाट उघडलं आणि हाताला लागलं ते पहिलं बुक ओढलं. ते जुनं नव्हतं, चालू होतं. सहज पान उलटलं आणि माझंच नाव दिसलं.

'विषय क्र. ४. स्मशानभूमी शेडचे पत्रे बदलणेबाबत. सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करणेत आले.' खाली 'सूचक' म्हणून माझं नाव होतं, बापाच्या नावासकट, आडनावातली वेलांटीसुद्धा बरोबर. त्याखाली 'अनुमोदक' म्हणून वडिलांचं. तारीख २६ जानेवारी. वडील त्याआधीच्या नोव्हेंबरात गेले होते.

मी बाकावर बसलो. पुढचं पान उलटलं. दारूबंदीच्या ठरावाला सूचक मी, अनुमोदक वडील. त्या संध्याकाळी मी पुण्यात नक्की कुठे बसलो होतो ते आठवलं आणि पान पटकन उलटलं. पुढे चराईबंदीही मीच सुचवली होती. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त मी सुचवलेला आणि वडिलांनी अनुमोदलेला. हे खरंच आश्चर्य, कारण हयातभर त्यांनी त्याच कुत्र्यांना भाकरी घातली.

एका ठरावापाशी तर मी स्वतःच्या बुद्धिमत्तेने थक्क झालो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी दोन प्रकारचा होता, बंधित आणि अबंधित. साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. गावाला हवी होती कमान. पाण्याच्या पैशात कमान बसत नाही म्हटल्यावर काय करावं? तर मी सुचवलं होतं, की कमानीच्या उजव्या खांबाला नळ बसवावा. वडिलांनी लगेच अनुमोदन दिलं होतं.

पुढे मी अभ्यास दौराही सुचवला होता. सभासदांनी हिवरे बाजारला जाऊन पाणलोटाची कामं बघावीत, तिथून पाटोद्याला जाऊन पट्टी भरणाऱ्याला दळण फुकट कसं देतात ते बघावं, आणि वाटेत शिर्डी. दौरा झाला. परत आल्यावर पाटोद्यासारखी गिरणी आणायचा ठरावही अर्थात माझाच. गिरणी आली. पट्टी कुणी भरली नाही, त्यामुळे दळण सुरू झालं नाही, आणि ती गिरणी शाळेच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या कागदासकट अजून उभी आहे. मुलं तिला टेकून पाढे म्हणतात.

मोजले. अडीच वर्षांत चौदा ठराव. वडील हयात असताना आम्हा दोघांचं कशावरही एकमत झालं नव्हतं. पंख्याचा वेग, मिसळीतला रस्सा, माझं लग्न, कशावरही नाही. इथे मात्र बापलेक चौदा वेळा एकमुखाने उभे होते.

"भाऊसाहेब, हे काय?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. जराही दचकले नाहीत. "त्ये व्हय? त्याचं आसं हाय, आबांच्या मानसाचं नाव सूचक टाकलं तर नानांची मानसं सही करत न्हाईत. नानांच्या मानसाचं टाकलं तर आबा रजिस्टर फेकत्यात. तुम्ही दोघं कुणाच्यात न्हाई. अण्णा तर कधी कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत."

"गेल्या तीन वर्षांत तर मुळीच नाहीत."

"तेच म्हणतोय," भाऊसाहेब म्हणाले.

खरं तर मी चिडायला हवं होतं. चिडलोही, पण पाचच मिनिटं. मग काय झालं कोण जाणे, स्वारगेट येईपर्यंत माझी छाती दोन इंच फुगली. पुण्याच्या सोसायटीत वीस वर्षं राहून एकदाही कुणी मला पाण्याच्या टाकीबद्दल मत विचारलेलं नाही. इथे मी गावाचा सूचक होतो! दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर फिरताना मी मित्रांना म्हणालो, "अलीकडे ग्रामविकासात थोडं लक्ष घातलंय." "काय करता?" एकाने विचारलं. "विशेष काही नाही. मुख्यतः सुचवतो."

दोन ऑक्टोबरला मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलो. देवळाच्या कर्ण्यावरून शिपाई सकाळपासून ओरडत होता. सभेची वेळ दहाची. साडेदहाला गांधीजी आणि शास्त्रीजी यांच्या तसबिरी लागल्या, अकराला हार आले, सव्वाअकराला माणसं. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तो. आमचे मतदार तेराशे, म्हणजे पंधरा टक्के एकशे पंच्याण्णव. तेव्हा हवे होते शंभर. कायद्याने आधीच एवढी सूट दिलेली.

साडेअकराला डोकी मोजली. साठ. आणि समोर, वीस पावलांवर, पिंपळाच्या पारावर चाळीस माणसं बसलेली. साठ आणि चाळीस किती होतात, हे शाळेत गिरणीला टेकलेल्या पोरानेही सांगितलं असतं.

"चला की हो सभेला," शिपाई पारावर जाऊन म्हणाला.

"भरला का कोरम?"

"तुम्ही आलात की भरतोय."

"आधी भरू दे, मंग येतो. उगं जाऊन बसायचं आन् तहकूब झाली म्हंजे?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. चाळीसच्या चाळीस जण तो एकमेकांना पटवून सांगत होते. मला राहवेना. सूचकच तो! मी उठलो, पारावर गेलो, लोकशाहीबद्दल चार शब्द बोललो. १९९३ मध्ये लागू झालेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती काढली. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. "बसा की, उभं ऱ्हाऊन काय बोलताय," कुणीतरी म्हणालं. बसलो. चहा आला. उसाच्या तोडीचा विषय निघाला, मग पुण्यातल्या फ्लॅटचे भाव निघाले, आणि त्या विषयात माझं ज्ञान बरं आहे.

बाराला कर्णा खरखरला. "कोरमअभावी सभा तहकूब करणेत येत आहे." आत मोजलेली डोकी होती एकोणसाठ. माझं पारावर होतं.

तहकुबीची नोटीस भाऊसाहेबांनी आदल्या रात्रीच टाईप करून आणली होती, पुढच्या आठवड्यातल्या तारखेसकट. तहकूब सभेला कोरम लागत नाही. गावाची सगळी घटना या एका वाक्यावर उभी आहे. पहिली सभा ही अक्षता पडण्याआधीची मंगलाष्टकं; बाहेरच उभं राहायचं असतं.

मधल्या आठवड्यात मी वशिला लावायचा एक प्रयत्न केला. आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्यांकडे गेलो. जीपवर 'जिल्हा परिषद सदस्य' हे मोठ्या अक्षरांत आणि त्याच्या अलीकडे 'माजी' हे भिंगातून वाचायच्या अक्षरांत होतं. मुदत संपून, २०२२ पासून, तेव्हा परिषदेवर प्रशासक बसलेले होते. "निवडणूक लागू द्या," ते म्हणाले, "पहिलं काम तुमचं." माझ्याआधी बसलेल्या चौघांचंही पहिलंच काम होतं.

तहकूब सभेला अकरा माणसं आली. सरपंचबाई मध्ये बसल्या. त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीवर, कारण गाव त्यांनाच सरपंच म्हणतं आणि सरपंचबाईंना वहिनी. ऑनलाइन बिलांवर बाईंची डिजिटल सही लागते. ती सही ज्या डोंगलात असते तो डोंगल यजमानांच्या खिशात, तंबाखूच्या डबीला बांधलेला. पण त्या दिवशी यजमानांनी अजेंडा वाचायला घेतला आणि बाईंनी त्यांच्या हातातला कागद शांतपणे काढून घेतला. "तुम्ही सरपंचाचं मालक हायसा," त्या म्हणाल्या, "सरपंच न्हाई." आबा आणि नाना दोघंही हसले. शेवग्यानंतर पहिल्यांदाच, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं.

विषय पटापट सुटत होते. सहावा विषय आला. 'मागील सभेतील ठरावानुसार वेस ते मारुती मंदिर रस्त्यावरील अतिक्रमित ओटे काढणेबाबत.' मी मान डोलावली. रस्ता अरुंदच आहे, माझी गाडीसुद्धा वळत नाही. सरपंचबाई यादी वाचू लागल्या. यादीत एकच ओटा होता. आमचा.

"थांबा, थांबा! आमचा ओटा आजोबांच्या वेळचा आहे. माझा विरोध आहे."

भाऊसाहेबांनी बुक फिरवून माझ्यापुढे धरलं. १ मेची सभा. सूचक मी. अनुमोदक वडील.

"भावजी, ठराव तुमचाच हाय," सरपंचबाई म्हणाल्या.

"विरोध नोंदवा!"

"सूचकाला सोताच्या ठरावाला विरोध न्हाई घालता येत," भाऊसाहेब म्हणाले. हा नियम कुठे लिहिलाय ते मी विचारलं नाही. माझ्याच सूचनेने केलेला निघाला असता तर?

"आणि बाकीचे ओटे? आबांचा आहे, नानांचा तर रस्त्याच्या निम्म्यापर्यंत आलाय!"

"त्यांच्या ओट्यांना सूचक मिळाला न्हाई," भाऊसाहेब अत्यंत सरळपणाने म्हणाले.

माझा तोल गेला. "अहो, मी त्या दिवशी पुण्यात होतो! मी हा ठराव मांडलेलाच नाही! आणि वडील..."

सभा शांत झाली. अकरा माणसांची सभा शांत झाली की फार शांत होते. भाऊसाहेबांनी बुकावर हात ठेवला. दोन्ही पॅनेलांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारबाबा हळूच पुढे सरकले आणि कमालीच्या आशेने म्हणाले, "म्हंजी... दारूबंदी पन खोटीच म्हना की?"

माझ्या डोळ्यांपुढून चौदा ठराव गेले. स्मशानाचे पत्रे, कमान, कमानीचा नळ, गिरणी. त्यात शिर्डीसुद्धा होती, आणि शिर्डीचं बिल पास झालेलं होतं. आबा, नाना, शिपाई, सरपंचबाईंचे यजमान, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढं गाव माझ्या एका शब्दावर उभं असण्याची ही पहिली आणि बहुधा शेवटची वेळ.

"होतो," मी म्हणालो. "आत्ता आठवलं. मी होतो."

"आन् अण्णा?" म्हातारबाबांनी चिकाटी सोडली नाही.

"तेही... होते."

सगळ्यांनी श्वास सोडला. म्हातारबाबा परत भिंतीला टेकले. सभा पुढच्या विषयावर गेली आणि मी पडेल चेहऱ्याने ओट्याचा विचार करत बसलो. त्या ओट्यावर वडील रोज सकाळी पेपर वाचायचे; कुत्री पायाशी. सरपंचबाईंच्या ते लक्षात आलं असावं. चहाचा कप पुढे करताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या चौदातला एक तरी ठराव अमलात आलाय का?"

मी मनातल्या मनात उजळणी केली. पत्रे तसेच गळके. दारू पूर्वीच्या जागी आणि पूर्वीच्या भावात. कुत्री आत्ता दारातच बसलेली. कमान उभी राहिली खरी, पण नळाला पाणी नाही. फक्त शिर्डी झाली. ओट्याला धोका नव्हता. एकदम हायसं वाटलं, आणि लगेच कुठेतरी थोडा अपमानही वाटला.

शेवटी ऐनवेळचा विषय आला, वारसनोंद. अर्धं मिनिट लागलं. कुणाची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. भाऊसाहेबांनी पेन उचललं. "सूचक?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"स्वतःच्याच वारसनोंदीला स्वतः सूचक?"

"सवयीचं नाव हाय," भाऊसाहेब म्हणाले. "आन् अनुमोदक?"

दीडच्या एसटीची वेळ झाली होती. सहा जण आधीच उठले होते, उरलेल्यांत आबा आणि नाना होते. आबांनी हात वर करायला घेतला तसं नानांनी घसा खाकरला. आबांनी हात खाली घेऊन मान खाजवली.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," भाऊसाहेब घाईने म्हणाले. "मी बघतो. तुम्ही एसटी गाठा."

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरावाच्या नकलेचा फोटो पाठवला. मी चष्मा लावून दोन बोटांनी मोठा करून वाचला. 'सदर मयत खातेदार यांचे नाव कमी करून त्यांचे जागी वारस म्हणून त्यांचे चिरंजीव यांचे नाव लावणेस ही सभा मंजुरी देत आहे.' सूचक मी. अनुमोदक वडील. या खेपेला मात्र त्यांच्या नावाआधी भाऊसाहेबांनी आठवणीने 'कै.' लिहिलं होतं.